एअर इनटेक बदलण्याआधी कोकणातल्या हवेचा हिशेब

दोन लिटरचं पेट्रोल इंजिन ६५०० आरपीएमला फिरत असतं तेव्हा ते एका सेकंदात शंभर लिटरहून जास्त हवा आत ओढतं. हिशेब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. म्हणजे चारही सिलिंडर मिळून एका फेरीत एक लिटर, मिनिटाला ६५०० लिटर आणि सेकंदाला साधारण १०८ लिटर. एअर इनटेक, म्हणजे बाहेरची हवा इंजिनापर्यंत नेणारी वाट, बदलून स्पोर्ट्स कारची ताकद वाढते का, याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. या हवेला वाटेत किती अडवणूक होते, आणि जी हवा ओढली जाते ती मुळात कशी आहे. दुसरी गोष्ट वेंगुर्ल्यात आणि पुण्यात सारखी नसते, आणि तिकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, कोल्हापूरकडून किनाऱ्यावर उतरणाऱ्या वेगवान गाड्या आता नवीन राहिलेल्या नाहीत, आणि रत्नागिरी-कुडाळकडच्या तरुणांच्या दारातही टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेल्या गाड्या आल्या आहेत. इनटेकबद्दल त्यांना मिळणारे सल्ले मात्र बहुतेक कोरड्या आणि थंड मुलखातल्या अनुभवावर बेतलेले असतात. कोकणात त्यातले बरेचसे उलटे पडतात, असं माझं ठाम मत आहे. का, ते आकड्यांनिशी सांगतो.

इंजिनाचं काम हवेच्या आकारमानावर नाही, वजनावर चालतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोलचं प्रमाण थोडं वाढवतो आणि १२.५ ते १३ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल देतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा याहून थोडी कमी पुरते, पण तत्त्व तेच. पेट्रोल वाढवणं सोपं असतं, इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. हवा वाढवणं अवघड. म्हणून इंजिनाच्या ताकदीची वरची मर्यादा हवा ठरवते.

आता आपली हवा. समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानाला एक घनमीटर कोरड्या हवेचं वजन १.२२५ किलो भरतं. ३५ अंशांना तेच १.१५ किलोच्या खाली येतं. त्यात कोकणात दमटपणा. मे महिन्यातली रत्नागिरीची दुपार धरा, ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. अशा हवेत पाण्याच्या वाफेचा दाब पावणेचार किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि हवेचा एकूण दाब असतो साधारण १०१ किलोपास्कल. म्हणजे सिलिंडरमध्ये गेलेल्या दर शंभर भागांतल्या जवळजवळ चार भागांत ऑक्सिजन नाहीच, नुसती वाफ आहे. ती जळत नाही, फक्त जागा अडवते.

तरीही पुण्याहून दापोलीला उतरलेली बिनटर्बोची गाडी थोडी जास्त जोमाने ओढते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाबच सहा-साडेसहा टक्के कमी असतो. ३८ अंशांची कोरडी पुणेरी दुपार आणि ३३ अंशांची दमट कोकणी दुपार यांचा हिशेब मांडला, तर वाफ वजा करूनही इथल्या हवेत इंजिनाच्या कामाचा भाग सुमारे सहा टक्के जास्त निघतो. आंबोलीला ६९० मीटरवर दाब आठ टक्क्यांच्या आसपास घटतो, तिथल्या गारव्यामुळे त्यातला थोडा भाग परत मिळतो. गंमत म्हणजे बाजारात मिळणारा कुठलाही पाईप स्वतःच्या बळावर एवढा फरक पाडत नाही. नुसता घाट उतरला की तो फुकट मिळतो.

नळी, पाणी आणि थोडं आगळ

पुढच्या जाळीमागे एक तोंड असतं, त्याला स्नॉर्कल म्हणतात. तिथून हवा एअर बॉक्समध्ये जाते, फिल्टरमधून गाळली जाते, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून पुढे सरकते, पाईपातून थ्रॉटल बॉडीत (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी झडप) आणि मग मॅनिफोल्डच्या नळ्यांतून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. टर्बो गाडीत थ्रॉटलच्या आधी टर्बो आणि दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर येतात. या वाटेवरचा प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक अरुंद जागा थोडा थोडा दाब खाते. बाहेर १०१ किलोपास्कल असेल आणि थ्रॉटलच्या तोंडाशी ९८ उरत असेल, तर वाटेत तीन किलोपास्कल गेले. म्हणजे तीन टक्के.

तुमच्या गाडीत नेमके किती जातात, हे विकणारा सांगणार नाही. पण ते मोजता येतं, आणि मोजायला लागणारी वस्तू जवळपास प्रत्येक गावात मिळते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या. फळीवर ती इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधा, दोन्ही बाजू निदान मीटरभर उंच ठेवा आणि निम्मी पाण्याने भरा. पाण्यात थोडं कोकम आगळ घातलं की पातळी लांबूनही स्पष्ट दिसते. नळीचं एक टोक फिल्टरनंतरच्या पाईपाला एक छोटी तोटी बसवून जोडा, दुसरं टोक गाडीत मोकळं ठेवा. मध्ये एक रिकामी बाटली घालायला विसरू नका, म्हणजे पाणी चुकून खेचलं गेलं तरी ते बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. रस्ता पूर्ण मोकळा असेल अशा वेळी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत न्या आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलवर नळीचं चित्रीकरण करू द्या. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही. डायनो, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र, मिळत असेल तर हे काम तिथेच करणं अधिक चांगलं.

दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक दिसेल, तेवढं तुमच्या इनटेकचं नुकसान. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो, त्यामुळे दर १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक टक्का. फरक ३० सेंटिमीटर आला, तर बिनटर्बोच्या गाडीचं सगळं इनटेक काढून फेकलं तरी जास्तीत जास्त तीन टक्के मिळतील. दीडशे बीएचपीच्या गाडीत साडेचार बीएचपी. आणि सगळं इनटेक तर कुणी काढत नाही, त्यामुळे निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. पंधरा बीएचपीचं आश्वासन देणाऱ्या खोक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ही नळी दहा मिनिटांत सांगते.

याच नळीचा दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. तोटी आधी फिल्टरच्या अलीकडे आणि मग पलीकडे लावून बघितली, की दाब नेमका कुठे जातो ते कळतं. अनेकदा फिल्टर निर्दोष सुटतो आणि स्नॉर्कलचं अरुंद तोंड किंवा पाईपातलं एखादं तीव्र वळण दोषी ठरतं. मग महागडं किट आणण्याऐवजी तेवढाच भाग सुधारता येतो. काम झालं की तोटीला घट्ट रबरी टोपी बसवा. तिथून न गाळलेली हवा आत जायला लागली, तर सगळं मुसळ केरात.

या मोजणीत एक गोष्ट दिसत नाही. व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो तेव्हा नळ्यांमध्ये दाबाच्या लाटा तयार होतात. नळीची लांबी जमली, तर परतणारी लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या अगदी आधी पोहोचते आणि थोडी जास्त हवा कोंबते. लांब नळ्या कमी आरपीएमला मदत करतात, आखूड नळ्या जास्त आरपीएमला. कंपनीने पाईपाला जोडलेला बंद डबा, म्हणजे रेझोनेटर, या लाटांचा आवाज शोषण्यासाठी असतो. तो काढला की गाडी गुरगुरते, आणि कानाला तो आवाज वेग वाटतो. आवाज आवडतो म्हणून कुणी इनटेक बदललं तर मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त तेच कारण आहे हे स्वतःशी कबूल करावं. कारण रुंद, आखूड पाईपाने वरच्या आरपीएमला दोन बीएचपी मिळून मधल्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, घटलेल्या गाड्या कमी नाहीत, आणि कुंभार्ली किंवा फोंडा घाट चढताना आपण राहतो नेमके त्या मधल्या टप्प्यात.

बॉनेटखालची गरमी

सगळ्यात जास्त विकली जाणारी सुधारणा म्हणजे कंपनीचा बॉक्स काढून त्या जागी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवणं. अडवणूक खरंच कमी होते. पण आता इंजिन जाळीबाहेरची ३३ अंशांची हवा सोडून बॉनेटखालची हवा पिऊ लागतं. गणपतीच्या दिवसांतल्या महामार्गावरच्या रांगेत किंवा घाटात ट्रकमागे अडकल्यावर ती हवा सहज ६५ अंशांना जाते. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३३ अंश म्हणजे ३०६ केल्व्हिन, ६५ अंश म्हणजे ३३८. नऊ टक्क्यांहून जास्त हवा गेली, आणि पाईपाने वाचवले होते दीड-दोन टक्के.

नुकसान तिथेच थांबत नाही. तापलेलं मिश्रण स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटण्याची भीती असते, त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो आणि ताकद आणखी घटते. गाडी वेगात धावू लागली की बॉनेटखालची हवा वाहती होते आणि फरक बराच कमी होतो, हेही खरं. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर किंवा समोर मोठा पंखा लावलेल्या डायनोवर उघडा फिल्टर छान दिसतो. गाडीतले बिघाड वाचायच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ उपकरण घेऊन आत जाणाऱ्या हवेचं तापमान आपल्या नेहमीच्या रस्त्यावर नोंदवून बघा. बाहेरच्या तापमानाशी त्याची तुलना केली की वाद संपतो.

सेन्सरची फसगत हा याहून गंभीर भाग. बऱ्याच गाड्यांत हवेचं वजन मोजायला पाईपात एक तापलेली बारीक तार किंवा पट्टी असते. हवा तिला थंड करते, ती गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. पण हे गणित कंपनीच्या पाईपाच्या व्यासावर बांधलेलं असतं. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरचा पाईप आला, तर आतलं क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं, तेवढीच हवा सेन्सरजवळून संथ जाते आणि ईसीयूला ती साधारण १५ टक्के कमी भासते. तो पेट्रोलही तेवढं कमी देतो. पूर्ण जोरात १२.५ला एक असं हवं असलेलं मिश्रण १४.७ला एकवर येतं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही चूक दुरुस्त करतो आणि नव्या गाड्या ती पूर्ण जोरातही बऱ्यापैकी सांभाळतात, पण सगळ्याच गाड्या नाही. पूर्ण भारावर पातळ मिश्रण चालत राहिलं, तर पिस्टन वितळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. सेन्सर बसतो त्या जागेचा व्यास मूळ पाईपाएवढाच ठेवा, नाहीतर ईसीयूचं मॅपिंग, म्हणजे त्यातल्या हवा-पेट्रोलच्या हिशेबाची नव्याने जुळणी, करूनच घ्या. बदलानंतर ओबीडीवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूला पेट्रोलमध्ये करावी लागणारी दुरुस्ती, बघा. तो सतत दहा टक्क्यांच्या पलीकडे राहत असेल, तर गाडी परत गॅरेजला.

टर्बो गाडीचं गणित थोडं वेगळं. ईसीयूने ठरवलेला बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, टर्बो गाठतोच, त्यामुळे इनटेक मोकळं केलं तरी ताकद जवळपास तेवढीच राहते. टर्बोला मेहनत किंचित कमी पडते आणि शिट्टी मस्त ऐकू येते, इतकंच. मात्र मॅपिंग करून बूस्ट वाढवला असेल, तर इनटेक खरोखर महत्त्वाचं ठरतं. दाबाचं नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. हवा ३० टक्के जास्त वाहू लागली की तीन किलोपास्कलचं नुकसान पाचवर जातं. पण आपल्याकडे त्याआधी इंटरकूलरकडे बघावं. ३३ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती सव्वाशे अंशांच्या पुढे असते. तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत चिखल, पाला, किडे अडकलेले असतात. कमी दाबाच्या पाण्याने त्या पात्या हळुवार धुणं ही कोकणातल्या टर्बो गाडीची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

पाणी

बॉनेटखालच्या गरमीवर उपाय म्हणून लांब पाईप घालून फिल्टर खाली, बम्परच्या मागे किंवा चाकाच्या कमानीत नेतात. त्याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. तापमानाच्या दृष्टीने कल्पना उत्तम आहे. कोकणात मी ती कुणालाच सुचवणार नाही.

किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत तर सात हजारांच्या आसपास. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तो दिवस सोडून द्या, तेव्हा कुठलंच इनटेक उपयोगाचं नव्हतं. मी रोजच्या पावसाबद्दल बोलतोय. मोरीवर साचलेलं गुडघ्याखालचं पाणी, आणि समोरून आलेल्या एसटीने त्यात उठवलेली लाट. जमिनीपासून वीतभर उंचीवरचा फिल्टर त्या लाटेत पूर्ण बुडतो, आणि इंजिन त्याच क्षणी जोरात ओढत असतं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ५०० मिलिलिटर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा दाबली जाण्याचं प्रमाण, १०.५ असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ५३ मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात याहून जास्त मावतं. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वेग जास्त असेल तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलत बाहेर काढा. स्पार्क प्लग काढून आतलं पाणी बाहेर फेकल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि विमा कंपनीला न सांगता केलेलं इनटेक दिसलं, तर त्या कलमावरही वाद होऊ शकतो.

मग करायचं काय? कंपनीचा बंद बॉक्स ठेवा. तो उंचावर असतो, बॉनेटच्या गरमीपासून झाकलेला असतो आणि त्याच्या तळाला पाणी निथळायला भोक असतं. नळीने मोजून त्याचं स्नॉर्कल अरुंद निघालं, तर रुंद तोंडाचं, पण जाळीमागे वरच्याच बाजूला उघडणारं स्नॉर्कल बसवून घ्या. झाकणाचं रबर नवीन घाला. इंजिनाजवळून जाणाऱ्या पाईपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. वळण तीव्र असेल तर आतून गुळगुळीत, मोठ्या गोलाईचा पाईप घ्या, सेन्सरच्या जागेचा व्यास मात्र तसाच. क्रॅंककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद भागातून, इनटेकला येणारी ब्रीदरची नळी जिथे होती तिथेच परत जोडा. ती मोकळी सोडली, तर तेलाचा धूर बाहेर जातो आणि न मोजलेली हवा आत येते. दिसायला यात काहीच भपका नाही. पण भर दुपारी, भर पावसात आणि घाटात, तिन्ही ठिकाणी टिकणारं इनटेक हेच.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ बॉक्समध्ये मूळ मापाचा चांगला फिल्टर टाकणं आणि आवाज-धूर बदलणारं उघडं किट बसवणं, यांतलं अंतर बघणाऱ्याला पटकन दिसतं.

राहिला फिल्टर. सड्यावरच्या कच्च्या रस्त्यांची जांभ्याची लाल धूळ आणि महामार्गाच्या वर्षानुवर्षे चाललेल्या कामाची खडीची भुकटी, दोन्ही अतिशय बारीक असतात. फिल्टर जितका मोकळा, तितकी ही धूळ आत जाण्याची शक्यता जास्त, आणि खडीतली सिलिका पिस्टन रिंग घासून काढते. फिल्टर विकत घेताना आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे मागा. त्यात अडवणूक किती, धूळ किती टक्के अडली आणि फिल्टर भरेपर्यंत किती धूळ मावली, हे तिन्ही असतात. नुसता हवेच्या प्रवाहाचा आकडा दाखवणारा फिल्टर नको.

तेल लावलेला कापडी फिल्टर पुन्हा पुन्हा धुता येतो, पण आपल्या पावसाळ्यात तो वाळायला फार वेळ घेतो. ओला राहिला तर तेल नीट धरत नाही, आणि तेल जास्त झालं की ते उडून सेन्सरच्या तारेवर बसतं. कागदी फिल्टर धुक्यात-पावसात भिजला की फुगतो आणि अडवणूक वाढते. त्यामुळे पावसाळाभर कागदीच वापरा, पण डिकीत एक कोरडा जास्तीचा ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून. पाऊस संपला की बॉक्स उघडून तळाचं भोक पाल्याने बुजलंय का ते बघा आणि पाईपांचे क्लॅम्प तपासा. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी पट्ट्या एका पावसाळ्यात गंजून ढिल्या पडतात, त्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या घाला. सेन्सरच्या प्लगमधल्या पिना हिरवट दिसल्या, तर इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. सेन्सरच्या तारेला मात्र त्यासाठी मिळणारा वेगळा स्प्रेच वापरायचा, आणि बोट किंवा कापूस अजिबात लावायचा नाही.